टक्केवारीचा रसिक

टोकियोतल्या कुठल्याही बऱ्यापैकी इझाकायात, म्हणजे पिण्यासोबत चमचमीत चरायचीही सोय असलेल्या गुत्त्यात, काउंटरच्या टोकाला एक साकेपंडित बसलेला असतो. इतर गिऱ्हाइकं चषक उचलतात. हा आधी बाटली उचलतो, फिरवतो आणि चष्मा कपाळावर सरकवून मागचं लेबल वाचतो. त्याला हवा असतो एकच आकडा: साके ज्यापासून बनते तो तांदूळ घासून किती टक्के उरवला? ६० किंवा त्याखाली असेल तर गिंजो, ५० किंवा त्याखाली असेल तर दाइगिंजो. ७० दिसले की चेहऱ्यावर सुतक. यामागुचीच्या 'दास्साई'ची २३ टक्केवाली बाटली म्हणजे त्याचं तीर्थक्षेत्र. २०१७ मध्ये यामागाताच्या तातेनोकावा या मद्यशाळेने ९९ टक्के दाणा घासून फक्त १ टक्का उरवलेली साके बाजारात आणली, तेव्हा त्याला मोक्षच दिसला असेल. माझं म्हणणं एवढंच, की हा गृहस्थ साके चाखत नाही. तांदळातलं काय फेकून दिलं याचा जमाखर्च चाखतो.

आकडा अगदीच पोकळ नाही, हे मान्य. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि मेद जास्त असतात, ते राहिले तर चव जड होते. चांगला घासलेला तांदूळ थंडीत सावकाश आंबवला की सफरचंदाचा, केळ्याचा वास येतो. पण तो वास घडवतं यीस्ट, आणि यीस्ट कुठलं, पाणी कसं, तोजीचा, म्हणजे मुख्य कारागिराचा, हात कसा, यातलं काहीच त्या टक्केवारीत नसतं. शिवाय पंडिताचा आजार जुना आहे. १९९२ पर्यंत सरकारच साकेला विशेष, पहिली, दुसरी अशा श्रेणी देई, आणि परीक्षेला न पाठवलेली उत्तम साकेही दुसऱ्या श्रेणीतच विकावी लागे. तेव्हा याचे तीर्थरूप 'विशेष'च मागत असणार. श्रेणी गेल्या, आपल्याला काय आवडतं हे दुसऱ्याने छापून द्यावं, ही गरज राहिली. २००४ पासून 'जुनमाई', म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, म्हणवून घ्यायला ७० टक्क्यांची अटही उरली नाही. त्यामुळे ८०-९० टक्के दाणा राखून केलेली, भाताची भरदार चव असलेली जुनमाई राजरोस मिळते, आणि ती बाटली हा वास न घेता परत ठेवतो.

त्याचा दुसरा शत्रू म्हणजे वरून घातलेलं अल्कोहोल. इथे त्याच्या बाजूने इतिहास आहे: युद्धानंतरच्या तांदूळटंचाईत अल्कोहोल, साखर, आम्लं घालून एकाची तिप्पट साके करत, आणि तिची बदनामी रास्तच होती. मात्र गिंजोत आज घालतात ते कायद्याने मोजून दिलेलं असतं आणि आंबवलेल्या मिश्रणातला सुगंध वर ओढायला घालतात. १९११ पासून भरणाऱ्या नव्या साकेच्या राष्ट्रीय परीक्षणात, जिथे परीक्षकांपुढे लेबलं नसतात, वर्षानुवर्षं अशा साकेने सुवर्णं पटकावली आहेत. पंडितापुढे लेबल नसतं तर त्यानेही पटकावू दिली असती.

साके गरम करणं तर त्याच्या मते पाप. दोष झाकायची युक्ती म्हणे. नाजूक गिंजो तापवली तर वास उडतो, तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. पण ज्या देशाने ३० ते ५५ अंशांपर्यंत दर पाच अंशांना वेगळं नाव दिलं, ३० ला कोवळ्या उन्हाचं आणि ३५ ला माणसाच्या अंगाच्या उबेचं, त्या देशाने एवढी उठाठेव दोष झाकायला केली असेल का? यामाहाई प्रकारची आंबट, दणकट साके फ्रिजमधून काढली की मुकी असते. ४५ अंशांवर, भाजलेल्या माशासोबत, बोलू लागते. पंडित मात्र सगळ्याच बाटल्या बर्फगार पितो आणि मग यामाहाईला काही व्यक्तिमत्त्वच नाही असा शेरा मारतो.

इझाकायाचा मालक त्याला कधीच दुखवत नाही. बाकीच्यांना चव आवडावी लागते, याला आकडा आवडला की भागतं, आणि आकडा जितका लहान तितकं बिल मोठं.