झालंच समजा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की अकाउंट्सच्या काचेबाहेर भाऊंच्या फेऱ्या सुरू होतात. भाऊ म्हणजे सेल्सचे मुख्य. भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत कुठल्याही एमआयडीसीत जा, कारखाना यंत्रांचा असो की रंगांचा, असा एक भाऊ असतोच. खिशाला दोन पेनं, कानाला फोन आणि तोंडी एकच मंत्र: "ऑर्डर झालीच समजा."

भाऊंच्या जगात न झालेली ऑर्डर नसतेच. पर्चेसवाल्याने चहा पाजला, ऑर्डर झाली. वर बिस्किटं मागवली, रिपीट ऑर्डर झाली. "बघू" म्हणाला तर फक्त दरावर अडलंय आणि "नंतर बघू" म्हणाला तर पुढच्या तिमाहीची सोय झाली. कुणी तोंडावर "नको" म्हटलं, तरी भाऊ खूश: "माणूस स्पष्ट आहे. अशांशीच धंदा टिकतो."

अशा माणसाची गाठ ऑडिटच्या मॅडमशी पडते. १ एप्रिल २०१८ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर मोठ्या कंपन्यांना महसुलासाठी इंड एएस ११५ हे मानक लागू झालं. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा भारतीय अवतार. महसूल वहीत चढवायच्या त्यात पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी, ग्राहकाशी करार झालाय का ते ओळखणं. भाऊंचं सगळं आयुष्य पाचव्या पायरीवर गेलं. खालच्या चार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे बिल लावायचं तर करार कुठाय?" मॅडम विचारतात.

"तोंडी आहे," भाऊ चाचरत म्हणतात.

"तोंडी चालतो."

भाऊ खुर्चीत ताठ होतात. मॅडम खरंच सांगत असतात. मान्यता लेखी असो, तोंडी असो की धंद्याच्या रिवाजाने दिलेली असो, मानकाला चालते. १८७२ चा आपला करार कायदाही बहुतेक व्यवहारांत कागदासाठी अडून बसत नाही.

"मशीन गेलं?"

"शॉपमध्येच आहे. पण गेलंच समजा."

"पैसे आले?"

"तेही..."

"उद्या ते नको म्हणाले तर?"

"म्हणू देत. घरोब्याचे संबंध आहेत, आपण एक पैसा मागणार नाही."

"आणि आपण मशीन दिलंच नाही तर?"

"तेही ब्र काढणार नाहीत."

"म्हणजे कुणी काहीच केलेलं नाही आणि दोघांनाही भरपाई न देता मोडता येतं. मग मानकाच्या लेखी हा करारच नाही."

भाऊ दुखावतात. जो व्यवहार कुणीही कधीही मोडला तरी कुणाला राग येत नाही, त्याहून पक्का व्यवहार कोणता असतो, हे त्यांना कळत नाही.

पण हार मानतील ते भाऊ कसले! बाईंना कागद लागतो, एवढाच बोध घेऊन ते दुसऱ्या दिवशी गठ्ठा आणतात. त्यात किंमत कोरी सोडलेला एलओआय, म्हणजे खरेदीच्या इराद्याचं पत्र, असतो, "पर्चेस ऑर्डर लवकरच पाठवतो" असा ईमेल असतो आणि व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्याची रंगीत प्रिंटही असते. मॅडम प्रत्येकाला त्याच पाच कसोट्या लावतात: दोघांनी मान्य करून स्वतःला बांधून घेतलंय का, कुणाला काय मिळणार ते ठरलंय का, पैसे कसे द्यायचे ते ठरलंय का, व्यवहाराला खरा व्यापारी अर्थ आहे का, आणि पैसे येण्याचा संभव आहे का. अंगठा पहिल्याच कसोटीत गळतो.

मग भाऊ हुकमाचं पान टाकतात. स्टॅम्प पेपर, दोन्हीकडच्या सह्या, साक्षीदार, गोल शिक्का. आम्ही अकाउंट्सवालेही मान उंच करून बघतो. मॅडम फक्त गिऱ्हाईकाचं खातं उघडतात. मागची दोन बिलं थकलेली, चेक परत आलेला, त्यांच्या गेटला कुलूप. "पैसे येतील?" "येतीलच समजा!" पाचवी कसोटी तिथेच आडवी येते. गिऱ्हाईकाची ऐपत आणि नियत दोन्ही पाहावी लागते. शिक्क्यात दोन्ही दिसत नाहीत.

एकदा तर भाऊ पेढेच घेऊन आले. नव्या गिऱ्हाईकाचा वीस लाखांचा ॲडव्हान्स बँकेत जमा झाला होता. मशीन कुठलं, दर काय, काहीच ठरलं नव्हतं. रक्कम परत मागायची मुभा मात्र होती. मॅडमनी ती देणं म्हणून दाखवायला लावली. "आलेले पैसे देणं कसे?" या प्रश्नावर भाऊंनी तीन पेढे संपवले.

भाऊंची कल्पकता मात्र वाया जात नाही. एकाच गिऱ्हाईकाशी एकाच दिवशी त्यांनी दोन करार केले: मशीन पन्नास लाखांना, आणि पुढच्या वर्षीची उभारणी नि प्रशिक्षण एका रुपयात. सगळा महसूल याच वर्षात! एकाच बोलणीत, एकाच हेतूने ठरलेले करार एकत्रच धरायचे असतात, हे मॅडमनी सांगितलं, तेव्हा भाऊंनी तो एक रुपया स्वतःच्या खिशातून द्यायची तयारी दाखवली. रुपया काढताना खिशातून एक चिठ्ठीही खाली पडली. त्यांच्याच हस्ताक्षरात गिऱ्हाईकाला दिलेला शब्द होता: "माल पसंत न पडल्यास सहा महिन्यांत परत घेऊ." मॅडमनी ती उचलून फाइलला लावली. तीसुद्धा कराराचाच भाग.

भाऊ खोटारडे नव्हेत. त्यांनी झालंच समजलेल्या ऑर्डरींपैकी बऱ्याच पुढे खरोखर होतातही, आणि आमचे पगार त्यावरच निघतात. त्यांचं भांडण सत्याशी नाही, ३१ मार्चशी आहे. तेव्हा तुमच्या कंपनीतल्या भाऊंना जपा, टार्गेट द्या, पेढेही खा. बिल लावण्याआधी मात्र त्यांचा खिसा तपासा.