मिरची पारखून, केबल डोळे झाकून

केशोरीच्या बाजारात मिरची घेताना माणूस रंग पाहतो, देठ पाहतो, एखादी मोडूनही पाहतो. मग भाव विचारतो. तोच माणूस प्रिंटरची केबल घ्यायला जातो आणि म्हणतो, "द्या कोणतीही!"

कोणतीही कशी चालेल?

सरकारी खरेदी केंद्रावर धान विकायचं तर नोंदणी हवी, नोंदणीला सातबारा हवा. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. पडद्यावर तो झळकतोही. पण कागदावर येईल कसा? प्रिंटर नवा, संगणक नवा आणि मधली केबल खोक्यातच नाही. अनेक कंपन्या माहितीपुस्तिका मात्र न चुकता देतात.

वाचतो कोण?

तर ऐका. साध्या प्रिंटरच्या पाठीला चौकोनी पोर्ट असतो, वरचे दोन कोपरे छाटलेले. हा यूएसबी बी. संगणकाकडची चपटी पिन ती ए. म्हणजे मागायची केबल 'ए टू बी'. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल, तर 'सी टू बी'. यासाठी इंजिनिअर कशाला हवा?

शेजारीच लॅनचा पोर्ट असला, तर चपटी पिन त्यातही घुसते. बसते, पण काम करत नाही. निवडणुकीनंतर हा अनुभव आपल्याला येतोच.

दुकानदार सोनेरी पिनवाली महागडी केबल पुढे करतो. छपाई उजळते म्हणे! अहो, केबलमधून शाई जात नाही.

लांबी? यूएसबी 2.0 ची मर्यादा 5 मीटर. प्रिंटर पलीकडच्या खोलीत हवा आणि त्याला लॅनची सोय असेल, तर लॅन केबल 100 मीटरपर्यंत पळते. साहेबांना टेबलावर आवाज नको असेल, तर एवढा खर्च साहेबांनी सोसावा.

पूर्वी जाडजूड पॅरलल केबल असायची. संगणकाकडे 25 पिना, प्रिंटरकडे 36. ती कटकट संपवणारी यूएसबी 1996 मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत अजय भट्ट होते, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्यांनी डोकं चालवलं. आपण निदान डोळे तरी चालवावेत.

दुकानात जाण्याआधी प्रिंटरच्या पाठीचा आणि संगणकाच्या पोर्टचा मोबाइलवर फोटो काढा. केबल आणली की लगेच खुपसू नका. बऱ्याच नव्या प्रिंटरच्या पोर्टवर पट्टी चिकटवलेली असते: आधी सॉफ्टवेअर, मग केबल.

ती पट्टी फाडण्याआधी वाचा. वाचायला पैसे पडत नाहीत.