फटफटीचा जीर्णोद्धार आणि पंथभेद

जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार करू पाहणारा मनुष्य प्रायः ‘थोडक्यात भागवू’ असा संकल्प सोडून कामाला लागतो, आणि हा संकल्प नेमका कोणत्या टप्प्यावर मोडणार, हे यंत्रशास्त्रापेक्षा पंथशास्त्राच्या आधारे अधिक अचूक सांगता येते. कारण इंजिनाच्या दुरुस्तीला लागणाऱ्या पैशाला काही सीमा असते, परंतु दुसऱ्या कंपनीची गाडी बाळगणाऱ्या शेजाऱ्याला गप्प बसवण्यासाठी लागणाऱ्या पैशाला ती नसते.

या क्षेत्रातील दोन प्रमुख पंथ म्हणजे बुलेट आणि जावा. पहिल्याचे मूळ पीठ इंग्लंडातील रेडिच येथे होते आणि 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया या नावाने ते मद्रासला आले. दुसरा चेकोस्लोव्हाकियातून निघून 1960 च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात स्थिरावला आणि 1973 पासून त्याने येझदी हे नाव धारण केले. त्या काळात कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असल्याने आणि गिऱ्हाईक पैसे भरून मुकाट्याने वाट पाहत असल्याने, उत्पादकांना एकमेकांशी भांडण्याचे फारसे कारण नव्हते. ते कार्य गाडीमालकांनी स्वयंस्फूर्तीने आणि विनावेतन अंगावर घेतले.

दोन्ही पंथांचे कर्मकांड भिन्न आहे. जुनी बुलेट सुरू करताना किक हळूहळू दाबत अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरात कोंडलेली हवा सोडून देणारी छोटी कळ, ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा आणि त्यानंतरच सर्व भार देऊन लाथ मारायची, असा विधी असून त्यात चूक झाल्यास किक उलटून नडगीवर प्रसाद देते. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने तेथे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, आणि जी किक मारून गाडी सुरू करायची तीच पुढे वळवून गिअरचा दांडा म्हणून वापरायची असते. या काटकसरीला जावापंथीय प्रतिभा म्हणतात, तर बुलेटपंथीय दांडा कमी पडल्याचे लक्षण मानतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असल्यामुळे एका पंथाच्या मनुष्याने दुसऱ्याची गाडी चालवून पाहण्याचा समंजस मार्ग तर भरवस्तीत धोकादायकच ठरतो.

आता खर्चाचा विचार. रिबोअर, म्हणजे सिलिंडरची झिजलेली आतली भिंत यंत्रावर किंचित कातून तेथे वाढीव मापाचा पिस्टन बसवणे, हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी वाजवी दरात होते. सहा व्होल्टची जुनी वायरिंग काढून बारा व्होल्टची केल्यास दिवा मेणबत्तीपेक्षा बरा उजेड देतो, आणि एवढ्यावर थांबणाऱ्याची गाडी खुशाल धावते. परंतु येथेच कोणीतरी शेजारी वाकून टाकीकडे पाहतो आणि ‘ओरिजिनल नाही वाटतं?’ एवढेच पुटपुटतो, आणि अंदाजपत्रकाची इतिश्री होते. आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडल्यामुळे येझदीचा ‘ओरिजिनल’ भाग हा उत्खननाचा विषय आहे. त्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत फिरावे लागते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतील चमक पाहून भाव सांगण्याची कला तेथील विक्रेत्यांना उत्तम अवगत असते. बुलेटची अडचण नेमकी उलटी आहे: तिचे उत्पादन कधी खंडित झाले नाही आणि एका दशकाचे पुष्कळसे भाग दुसऱ्या दशकाच्या गाडीला थोड्याफार ठोकाठोकीने बसतात, त्यामुळे कागदोपत्री एका सालची असलेली गाडी प्रत्यक्षात अनेक सालांचे संमेलन असते. मूळ कारखान्यात टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढल्या जात, म्हणून निष्ठावंतास गावातला स्टिकर चालत नाही. वास्तविक त्या रेघांनी गाडीच्या वेगात वा ॲव्हरेजमध्ये तिळमात्र फरक पडत नाही.

या दोन पंथांना एकत्र आणण्याचे श्रेय तिसऱ्याच गाडीला जाते. ‘भरा, झाकण लावा, विसरा’ अशा आशयाची जाहिरात करत 1985 मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी 100 ने मालकाकडून काहीच अपेक्षा ठेवली नाही, आणि जिला विसरता येते तिच्यावर प्रेम कसे करावे, हा प्रश्न दोन्ही पंथांना सारखाच पडला. त्याच वर्षीची यामाहा आरएक्स 100 हीही त्या वेळी उपरी ठरली होती. आज मात्र तिच्याच जीर्णोद्धारासाठी लोक कर्ज काढण्याच्या बेतात असतात. उत्पादकांनी स्वतः उघडपणे भांडण काढल्याचे ठळक उदाहरण त्या मानाने अलीकडचे आहे: आकुर्डीच्या बजाजने 2017 मध्ये डॉमिनारच्या जाहिरातीत बुलेटस्वारांना हत्तीवर बसवून ‘हत्ती पोसू नका’ असा सल्ला दिला. ज्या देशात दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण मानतात, तेथे ही निंदा की स्तुती, याचा विचार जाहिरातकारांनी केलेला दिसत नाही.

अलीकडे कायद्यानेही या वादात ओरिजिनलवाद्यांची बाजू घेतली आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकीही ‘व्हिंटेज’ ठरू शकते. तिची या वर्गात नव्याने नोंदणी करण्याचे शुल्क 20,000 रुपये आहे, आणि ‘थोडक्यात’ या मूळ संकल्पाचा उरलासुरला अंश येथे विसर्जित होतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. जावा आणि बुलेटचे मालक पूर्वीपासून बव्हंशी हेच करत आल्यामुळे त्यांना हा निर्बंध जाचक वाटण्याचे कारण नाही. परपंथाची निंदा करण्यासाठी गाडी बाहेर काढण्याची तरतूद मात्र नियमांत राहून गेली असून, तूर्त ते काम इंधन भरण्याच्या नावाखाली उरकावे लागते.