अंधार पडला, सोडवा!

यंदाही अंधार पडला. पंचांनी आभाळाकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, मग यात्रा कमिटीच्या अध्यक्षांकडे पाहिलं आणि मानाची शेवटची कुस्ती बरोबरीत सोडवली. ५१ हजारांचे दोन वाटे झाले. दोघांना फेटे, दोघांना शाली. गदा पुढच्या सालासाठी राखून. हे सलग चौथं साल.

गावाचं नाव सांगत नाही. कळमनुरीवाल्याला ते सेनगावकडचं वाटेल, सेनगाववाल्याला वसमतकडचं, आणि दोघांचंही खरं असेल.

अंधाराशी माझं भांडण नाही. तो रोज पडतो. पण दंगलीच्या दिवशी तो नेमका शेवटच्या जोडीवरच कसा पडतो? रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या लख्ख उन्हात होतात. शंभराच्या, पाचशेच्या कुस्त्या उन्हात होतात. तिथे पाठ लागते, पोरगं रडतं, बाप पाठीवरची माती झटकतो. सगळा व्यवहार दोन मिनिटांत निकाली. मग येतात सत्कार. आधी देणगीदारांचे, मग देणगी जाहीर करणाऱ्यांचे, मग जाहीर करून न देणाऱ्यांचे, कारण ते जास्त मोठे असतात. मग उशिरा आलेल्यांचे, आणि उशिरा आलेल्यांमुळे ज्यांना खुर्चीवरून उठावं लागलं त्यांचे. एकेक नारळ, एकेक फोटो. फोटो नीट आला नाही तर तोच नारळ पुन्हा. तिकडे दोन पैलवान लंगोट कसून, अंगावर टॉवेल टाकून बसलेत. तापवलेलं अंग गार होतंय. दोन तासांनी सूर्य टेकला की निवेदकाला कंठ फुटतो : अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष लागलेली कुस्ती आता लागत आहे!

लागते. सलामी होते, माती अंगाला लागते, हलगी कडाडते. मग खडाखडी. एकाने पटाला हात घातला, तर दुसरा इतक्या अदबीने पाय मागे घेतो, की वाटावं सोयरीक जमवायला आलेत. निवेदक मात्र थांबत नाही. ढाक पडू शकते, घिस्सा बसू शकतो, कलाजंग होऊ शकते, मोळी बांधली जाऊ शकते. सगळे डाव भोंग्यातून पडतात, मातीत एकही नाही. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पैलवानाने तंबाखू मळत सांगितलं, ‘‘काहून ताटकळता, बापू? चहा पिऊन या. सोडवायच्या टायमाला मी आवाज देतो.’’

आवाज दिला. चहा अजून अर्धा होता.

आमची पोरं टीव्हीवरच्या कुस्तीला हसतात. समदं आधीच ठरलेलं असतंय, म्हणतात. असतंय की! पण तिथे लपवाछपवी उरली नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळात व्यावसायिक कुस्ती म्हणजे खरी स्पर्धा नव्हे, प्रेक्षकांची करमणूक, अशी व्याख्याच मांडली गेली. धंद्याची सोय झाली, कारण स्पर्धा म्हटली की सरकारी देखरेख आली आणि कर आला. शिवाय तिथला लिहिणारा अधूनमधून पट्टा इकडचा तिकडे करतो, एखाद्या सज्जनाला दुष्ट करतो, कुणाला मागून खुर्ची हाणायला लावतो. आमच्या लिहिणाऱ्याला एकच शेवट येतो. आणि खुर्च्या? त्या पाहुण्यांना पुरत नाहीत.

मातीतल्या कुस्तीला मुळात घड्याळ नव्हतं. पाठ टेकेपर्यंत झुंजायचं, एवढाच नियम. गादीवर घड्याळ आलं, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, पण तिथेही सहा मिनिटांत निकाल लागतो. गुण सारखे झाले तरी कुणाचा डाव मोठा, शेवटचा गुण कुणाचा, हे पाहून एकाचाच हात वर होतो. ज्या जिल्ह्यात आखाडा बाळापूर नावाचं गाव आहे, त्या जिल्ह्यातल्या आखाड्यातच तेवढा निकाल लागत नाही. आमची हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी झाली. तो निकाल या कमिटीने सत्कारानंतर लावायला घेतला असता, तर आपण आजही कलेक्टर कचेरीसाठी परभणीची एसटी धरत असतो.

बरं, चार सालं राखून ठेवलेली गदा असते कुठे? अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात. म्हणजे हिशेब केला तर चार सालांचे अजिंक्य मल्ल तेच. सदरा न काढता, माती न लावता, एकदाही पाठ न टेकवता. त्यांना चितपट करायला अजून कुणी जन्मला नाही, कारण त्यांची कुस्ती कमिटीच्या निवडीत होते, आणि ती बिनविरोध असते.

आता खरं दुखणं सांगतो. त्याच मैदानावर, त्याच रात्री, ऑर्केस्ट्रा झाला. एवढे हॅलोजन, की मातीतली सांडलेली रेवडीसुद्धा दिसत होती. म्हणजे लाईट होती. फक्त कुस्तीसाठी नव्हती. आणि अंधार पडला की काम सोडवायचं, हा नियम आम्हा शेतकऱ्यांना का नाही? थंडीत आमच्या शिवारात थ्री फेज लाईट रात्रपाळीला येते. रात्री दीडला उठायचं, कानाला मफलर, एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, आणि उंच वाढलेल्या हळदीत शिरून दारं धरायची. कुठल्या पंचाने कधी मनगटाकडे पाहून म्हटलं का, की अंधार पडलाय, चला, हरभऱ्याचं भिजवणं बरोबरीत सोडवू, अर्धं तुम्ही भिजवा, अर्धं आम्ही? दिवसा लाईट मागत माणसं थकली, म्हातारी झाली. तेव्हा अंधार ही सबब नसते, वेळापत्रक असतं.

म्हणून कमिटीला विनंती. पुढच्या साली शेवटची जोड रात्री दीड वाजता लावा, हळदीच्या वावरात. हॅलोजन नको, सत्कार नको, निवेदक तर नकोच. एक बॅटरी पंचांच्या हातात द्या आणि अध्यक्षांना गदा घेऊन धुऱ्यावर उभं करा, अनवाणी. तिथे कुस्ती निकाली होईल याची मी खात्री देतो. वावरातला साप कुणाशी बरोबरीत सोडवत नाही.