उरल्यात तीन काट्यांवर

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागून भनपुरी, बिरगाव मागे टाकलं की उरला आल्याचं आधी नाकाला कळतं, मग पांढऱ्या शर्टाला. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, सळयांनी लादलेले ट्रक आणि लहानथोर न बघता सगळ्यांवर बसणारी काळी धूळ. ताई म्हणते, इथे कपडे वाळत नाहीत, रंगतात.

ऐन मे महिन्यात, मी गेलो त्याच दिवशी, भाऊजींनी अंगणातल्या जुन्या डिझेल जीपला नवे मीटर बसवायला काढले होते : पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. मूळचे काटे कधीच समाधिस्थ झालेले. ज्या गावात लोखंड दीड हजार अंशांच्या वर वितळवतात, तिथे हा गृहस्थ नव्वद अंशांसाठी जिवाचं रान करत होता.

भोकं 52 मिलिमीटरची हवी होती. मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी नेमकी त्या मापाची निघाली. डॅशबोर्डवर तीन पिवळी वर्तुळं उमटली, ड्रिल फिरलं, ताई वाटीसाठी भांडली. पाणी गळू नये म्हणून भाऊजींनी तापमानाच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप पागोट्यासारखा गुंडाळला.

मग सहकुटुंब रायपुरातल्या तात्यापाऱ्याकडे कूच. रस्त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. भाच्याकडे ऑइल, ताईकडे व्होल्ट, माझ्याकडे तापमान.

"भाऊजी, काटा चाळीसवर आहे."

"पाह्य, कूलिंग कसं आहे!"

बाहेर चव्वेचाळीस होतं. म्हणजे इंजिन हवेपेक्षा गार! विज्ञानाला हे मान्य नसतं, पण जावयाला कोण सांगणार?

"अहो, माझा बाराच्या वर जातच नाही," ताई म्हणाली.

"नवा आहे गं. बसेल हळूहळू."

भनपुरीला बॉनेटमधून वाफ निघाली. समोरच्या मिस्त्रीने वाकून पाहिलं. "भइया, टेप ल हेर दे, अर्थिंग नइ मिलत हे." एका तारेच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांतून. गरम झालं की सेन्सरचा रोध घटतो आणि काटा चढतो. टेपने मधेच रोध वाढवला, म्हणून काटा खाली. खरा आजार मात्र ढिल्या पट्ट्याचा. पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवे असलेले व्होल्ट बारावर अडकले, ते त्याचमुळे. ताईचा काटा तेवढा खरं बोलत होता. तिने त्यावर एक शब्द काढला नाही, आणि भाऊजींना तेच जास्त लागलं.

तुम्ही घरी असा मीटर बसवणार असाल, तर या सेन्सरला टेप लावू नका. आधी त्याला अर्थची तार जोडून उकळत्या पाण्यात बुडवा. काटा शंभराच्या आसपास यायला हवा. पातेलं मात्र स्वयंपाकघरातलं घेऊ नका.