मास्तरांचा अंगठा

रविवारी सकाळी फिरून आलो की आम्ही चौघे बिल्डिंगमागच्या कट्ट्यावर टेकतो. पोह्यांची वाट पाहणे हा ठरलेला कार्यक्रम. त्याआधी मास्तर परीक्षा घेतात. मास्तर म्हणजे पोस्टमास्तर, आता निवृत्त. पावसात भिजलेल्या पाकिटांवरचे अर्धेमुर्धे पत्ते लावण्यात त्यांची हयात गेली. ते व्यसन काही सुटलेले नाही. मोबाइलवर एखाद्या गडाचा फोटो काढायचा, त्यावर अंगठा ठेवायचा आणि विचारायचे, "बोला, कोणता?"

अंगठा नेमका हवा तिथेच पडलेला असतो. राजगड असेल तर सुवेळा माचीच्या नेढ्यावर, लोहगड असेल तर विंचूकाट्यावर. उरते काय? थोडे आभाळ, थोडे गवत आणि मास्तरांचे नख. फार दाबला तर फोटो सरकतो आणि गडाच्या जागी त्यांच्या नातवाचे मुंजीतले टक्कल येते. बँकवाल्या काकांनी एकदा त्यालाही "तिकोना" म्हणून सांगून टाकले होते.

पण सरावाने जमते. गडाच्या ओळखीसाठी सबंध गड दिसावा लागत नाही. दगड तांबूस, भोकाभोकांचा दिसला की तो जांभा. म्हणजे कोकणात उतरायचे. काळा पाषाण आणि मागे एकावर एक रचल्यासारखे कडे दिसले की आपण घाटात. उभ्या कातळात कोरलेल्या, बघूनच गुडघे बोलू लागतील अशा पायऱ्या असतील तर हरिहर. तिथे अंगठाही पुरत नाही. गुलाबी उंच मनोरा दिसला की दौलताबादचा चांदमिनार. फोटोत सगळीकडे सोनकीची पिवळी फुले असली तर गड कळत नाही, पण फोटो भाद्रपदाच्या आसपासचा हे छातीठोकपणे सांगता येते. उत्तर येत नसले की मी महिना सांगतो. शाळेतही इतिहासाच्या पेपरात मी असेच गुण मिळवले आहेत.

माझी सर्वांत मोठी फजिती पाण्यातल्या किल्ल्याने केली. चहूकडे समुद्र, लाटांत उभी तटबंदी, आणि दरवाजा कुठे दिसेना. मी लगेच म्हणालो, "सिंधुदुर्ग!" दरवाजा लांबून न दिसणे ही त्याची खूण, हे मला पाठ होते. मास्तरांनी अंगठा उचलला. किल्ला जंजिरा निघाला. त्याचाही दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, हे मात्र मला पाठ नव्हते.

"वा!" मास्तर म्हणाले. "शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी 1682 साली मोहीम काढली, तरी जो किल्ला सिद्दीकडून घेता आला नाही, तो तुम्ही कट्ट्यावर बसून एका शब्दात स्वराज्यात आणलात."

गडांचे कसे असते, चुकलो तरी गड तिथेच उभा असतो. जाऊन बघता येतो. माणसांच्या चेहऱ्याला ती सोय नाही. चेहऱ्यांची परीक्षा सुरू झाली तेव्हा आम्हा सगळ्यांचीच विकेट पडू लागली. एकदा मास्तरांनी ठसठशीत कुंकवाची, पदर घेतलेली एक बाई दाखवली. सिनेमा जुना, मुका. बँकवाल्यांनी चार नट्यांची नावे घेतली. उत्तर निघाले अण्णा साळुंके. फाळक्यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती. बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणारा हा तरुण उचलला. पुढे 1917 साली 'लंकादहन'मध्ये त्याने राम आणि सीता दोन्ही केले. म्हणजे वनवासात दोघे एकमेकांना शोधतात, आणि आरशात पाहिले असते तरी भागले असते! तेव्हाच्या प्रेक्षकांनी तक्रार केली नाही. आम्ही आज कोण करणार?

दुसऱ्या एका फोटोत तीन बायका होत्या, 1885 सालचा, फिलाडेल्फियाचा. नऊवारी दिसताच आम्ही तिघे एका सुरात "आनंदीबाई जोशी!" म्हणालो आणि पूर्ण गुण घेऊन मोकळे झालो. मास्तरांनी शेजारच्या दोघींकडे बोट नेले. सगळे गप्प. किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. आनंदीबाईंबरोबर त्याही तिथेच वैद्यकी शिकत होत्या. एकाच कॉलेजातल्या तिघी, पण आम्हाला ओळखता आली ती लुगड्यावरून. चेहरा पाहिलाच नव्हता कुणी.

त्या दिवशी पोहे जरा उशिरा आले, म्हणून विषय वाढला. चेहरे ओळखण्यात चुकतो ते काही आम्हीच नाही. एका भलत्याच सरदाराचे चित्र कितीतरी वर्षे शिवाजी महाराज म्हणून छापले जाई, इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी खरे चित्र पुढे आणले तेव्हा कुठे लोकांना उमगले. आणि इंग्रजांनी तर नानासाहेब पेशव्यांवर लाख रुपयांचे इनाम लावले होते. 1874 साली ग्वाल्हेरात एकाला नानासाहेब म्हणून धरले, ओळखणारे गोळा केले, आणि शेवटी निघाले काय, तर तो मी नव्हेच! एवढे साम्राज्य, पण हाताशी मास्तर नव्हते.

मागच्या रविवारी मी ठरवले, आता आपण परीक्षक व्हायचे. कपाटातून 1983 सालचा फोटो काढला. रंग उडून तांबूस झालेला. छत्तीस फोटोंच्या रोलमधला एकमेव, ज्यात मी हललेलो नाही. वय तेवीस, डोक्यावर दाट केस, पाठीमागे डोंगर. या वेळी अंगठा माझा, आणि तो मी डोंगरावर ठेवला. "सांगा, कोण?"

"राजगड," मास्तर म्हणाले.

"अहो, माणूस विचारतोय."

"तुमच्या नखाच्या वर नेढ्याची कड दिसते आहे. राजगड."

"माणूस!"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. बँकवाल्यांनी मराठी रंगभूमीवरचा एक नट सुचवला. मला बरे वाटले. चौथ्या गृहस्थांनी "गावातला वाटाड्या असावा" म्हटले; तेवढे बरे वाटले नाही. चाळीस वर्षांत कड्यावरचे भोक तसूभर हलले नव्हते, आणि त्याच्यापुढे उभा असलेला इसम तीन शेजाऱ्यांना अनोळखी होता.

तेवढ्यात ही पोह्यांच्या बशा घेऊन आली. चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला. जाताजाता तिने फोटोवर नजर टाकली. "हे आमचेच," ती म्हणाली. "कमरेवर हात बघा. गड जसा काही यांनीच बांधलाय." आणि लिंबाच्या फोडी आणायला आत गेली.

मी नकळत कमरेवरचा हात काढून घेतला.

मास्तरांनी फोटो माझ्या कानाशेजारी धरला, एक डोळा मिटला आणि मळलेले पाकीट उजेडात धरून बघावे तसे मला बराच वेळ ताडून पाहिले. मग पोह्यांची बशी ओढून घेतली.

"पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "बुरूज तेवढे ढासळलेत."