सेल्फ

ट्रॅक्टरच्या स्टार्टरला आमच्याकडे कुणी स्टार्टर म्हणत नाही. त्याचं नाव सेल्फ. ‘सेल्फ मारा’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ चिकटला’. सेल्फ म्हणजे स्वतः, एवढं इंग्रजी मलाही येतं. पण अण्णांच्या पस्तीस वर्षांच्या ट्रॅक्टरनं स्वतः होऊन काही केल्याचं मला आठवत नाही.

त्या सकाळी रानात वाफसा होता. मूठभर काळी माती दाबली की लाडू वळत होता, बोट लावलं की फुटत होता. म्हणजे पेरणी आजच. वाफसा कुणासाठी थांबत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. ट्रॅक्टरला तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं.

अण्णांनी सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्.

“दिवं लाव,” अण्णा म्हणाले. भर उन्हात मी ट्रॅक्टरचे दिवे लावले. त्यांनी सेल्फ दाबला, तसे ते समईच्या वातीएवढे झाले. सोडला, तर पुन्हा लख्ख. “करंट पोचतोय, पर फिरायला जागा न्हाई. दात अडकलाय.”

सेल्फच्या तोंडाशी लिंबाएवढं दातेरी चाक असतं. ते पुढे झेपावतं, फ्लायव्हीलच्या रिंगेचे दाते धरतं, इंजिनाला गरका देतं आणि इंजिन जागं झालं की गुपचूप मागे येतं. लग्न जमवून मांडवातून निघून जाणाऱ्या मध्यस्थासारखं. पण दाते झिजले की मध्यस्थच मांडवात अडकतो.

आणि दाते सगळीकडे सारखे झिजत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना आत दाबल्या गेलेल्या हवेमुळे बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपाशीच येऊन थांबतं. सेल्फ रोज तिथलेच दाते चावतो. मिस्त्रींनी एकदा रिंग उतरवून दाखवली होती : दोन जागी दाते आजोबांच्या दाढांसारखे, बाकीचे कोरे करकरीत. आमच्या घरातली भांडणंही अशीच. एक बांधापाशी थांबतं, दुसरं आत्याच्या लग्नातल्या मानपानापाशी, आणि पुढच्या दिवाळीला बरोबर तिथूनच सुरू होतं.

१९११ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं मोटारीसाठी विजेचा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला तो बसला. त्याआधी हँडल मारावं लागे. इंजिनानं उलटा झटका दिला की मनगटच जायचं. माणसाला दुसऱ्याची गरज पडू नये, म्हणून एवढी खटपट. इकडे आमच्या सेल्फभोवती तोवर सहा माणसं जमली होती.

सहा माणसं म्हणजे सात सल्ले. एकानं हातोडी आणली, दुसऱ्यानं नवी बॅटरी सुचवली, तिसऱ्यानं ट्रॅक्टरच विकायला सांगितलं. मी म्हटलं, “ढकलून चालू करू या की.”

“पुढं ढकलून दात आनखी रुतंल,” अण्णा म्हणाले. “मागं रेटायचं.”

त्यांनी आधी बॅटरीची एक वायर सोडवली, वरचा गिअर टाकला आणि क्लचवरून पाय काढून घेतला. आम्ही पुढून बोनेटला खांदे लावले. दोन टनांचं ते धूड आधी हललंच नाही. मग “हां, आता!” म्हणताच मागची चाकं वीतभर सरकली, इंजिन पोटातून हुंदका दिल्यासारखं उलटं हललं आणि खालून आवाज आला : खट्.

“सुटला.”

वायर जोडली, सेल्फ मारला. काळ्या धुराचा एक ढेकर, आणि इंजिन सुरू. आयुष्यभर जिथे अडलो तिथे आणखी जोर लावणारा मी खांदा चोळत उभा होतो. वीतभर मागे सरायचं मला कुठे कुठे राहून गेलं, त्याची यादी मनात सुरू झाली. बांध तिच्यात पहिला होता.

संध्याकाळी पेरणी उरकून अण्णा परतले. “सेल्फ सुधारला म्हणायचा,” मी म्हणालो.

“सुधारला की,” असं म्हणत त्यांनी ट्रॅक्टर नेहमीसारखा घरामागच्या उतारावर लावला आणि चाकाखाली धोंडा सरकवला.